मुक्या यंत्राला वाचा : घरी जोडलेल्या संगणकातील दोष शोधण्याचा इतिहास

१/२५
सगळे भाग नवे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट. महिनोन्‌महिने पैसे साठवून एकेक करून घेतलेले. रात्री उशिरा शेवटचा स्क्रू बसतो, बटण दाबले जाते, पंखे गरगरू लागतात आणि पडदा मात्र काळाच राहतो. सूचना नाही, आवाज नाही. गेल्या पन्नास वर्षांत जगभरातील असंख्य तरुणांनी हा क्षण अनुभवला आहे. अशा मुक्या यंत्राकडून त्याचे दुखणे वदवून घ्यायला माणसे कशी शिकली, त्याचा हा इतिहास.

२/२५
चालता संगणक बंद पडला, तर शोधाला एक आधार असतो : काल तो चालत होता. काल आणि आज यांच्यामध्ये काय बदलले, एवढेच पाहायचे. नव्याने जोडलेल्या यंत्राला असा ‘काल’ नसतो. एखादा भाग मुळातच सदोष असू शकतो. भाग चांगले, पण जोडणी चुकलेली असू शकते. किंवा भागही चांगले, जोडणीही बरोबर, पण ते भाग एकमेकांशी जुळणारेच नसतात. हे तीन संशयित ध्यानात ठेवावेत. पुढच्या बहुतेक प्रसंगांत यांपैकीच कोणीतरी अपराधी ठरतो.

३/२५
संगणक घरात येण्यापूर्वीची गोष्ट आधी पाहू. फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फिया येथे जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात १७ हजारांहून अधिक व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्यांतील एक जरी निकामी झाली तरी उत्तर चुकायचे. प्रमुख अभियंता प्रेस्पर एकर्ट याने म्हणून ट्यूबना त्यांच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी दाबावर राबवले. पुढे असेही ध्यानात आले, की ट्यूब प्रामुख्याने यंत्र चालू-बंद करताना जातात. तेव्हा यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही, असे ठरले. वीज सुरू होण्याचा क्षण हाच सर्वांत धोक्याचा, हा धडा तेव्हापासूनचा.

४/२५
दुसरा प्रसंग ९ सप्टेंबर १९४७ चा. हार्वर्डच्या ‘मार्क २’ या यंत्रात एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ‘बग’ हा शब्द याच प्रसंगातून जन्मला, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची रीत एडिसनच्या काळापासूनची आहे. या पानाचे खरे मोल त्यावरील नोंदीत आहे. वेळ दुपारी ३ वाजून ४५ मिनिटे, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०. दोष केव्हा आणि नेमका कोठे सापडला, हे त्या माणसांनी लिहून ठेवले.

५/२५
दोष शोधणे ही काही मोजक्या कारागिरांची उपजत देणगी आहे, असा समज त्या काळी प्रबळ होता. १९५३ साली अमेरिकी वायुदलाच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अर्धविभाजन’ पद्धतीची शिस्तबद्ध मांडणी केली. एकामागून एक अशा ६४ टप्प्यांतून संकेत जात असेल आणि शेवटी तो पोचत नसेल, तर पहिल्या टप्प्यापासून तपासत जाऊ नये. मधोमध तपासावे. तेथे संकेत ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. अशा अवघ्या ६ तपासण्यांत ६४ पैकी दोषी टप्पा हाती लागतो.

६/२५
ही विद्या सैन्यदले आणि प्रयोगशाळा यांच्यापुरती होती. ती घराघरांत शिरण्याला निमित्त ठरला ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाचा जानेवारी १९७५ चा अंक. मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचा संगणक होता. न्यू मेक्सिकोतील ॲल्बुकर्की येथील एमआयटीएस ही कंपनी तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपात ३९७ डॉलरना देणार होती. गंमत अशी, की चित्रातील पेटी आतून रिकामी होती. पहिला चालता नमुना मासिकाकडे जाताना वाटेतच गहाळ झाला होता.

७/२५
इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर एकटा घ्यायचा तर त्याचीच किंमत सुमारे ३६० डॉलर होती. त्याच पैशांत जवळपास अख्खा संगणक मिळणार, म्हटल्यावर मागण्यांचा पूर आला. काही शंभर संच खपले तरी पुष्कळ, असा कंपनीचे प्रमुख एड रॉबर्ट्स यांचा हिशेब होता. मागण्या हजारांत गेल्या. मात्र ग्राहकाच्या हाती पडत होते ते सुटे भाग. चिप, रोधक, धारित्रे, कोरे सर्किट बोर्ड आणि वायरींचे जुडगे. शेकडो ठिकाणी स्वतःच्या हाताने सोल्डर द्यायचे होते, आणि प्रत्येक सांधा म्हणजे चुकीची एक नवी संधी होती.

८/२५
अल्टेअरला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. दर्शनी भागावर खटके होते आणि लाल दिव्यांच्या रांगा होत्या. मूळ स्मृती २५६ बाइटची. खटके वर-खाली करून एकेक आकडा स्मृतीत भरायचा आणि तोच परत वाचून दिव्यांशी ताडून पाहायचा, हीच चाचणी. भरलेला आकडा आणि दिसणारा आकडा यांत एकच दिवा सतत चुकत असेल, तर त्या एका ओळीतच सोल्डरचा थेंब सांडून शॉर्ट झाला आहे किंवा सांधा कच्चा राहिला आहे, असा तर्क करता येई. घरगुती संगणकाची पहिली भाषा ही अशी दिव्यांची होती.

९/२५
कॅलिफोर्नियातील स्टीव्ह डॉम्पिअर हा त्या पहिल्या ग्राहकांपैकी एक. यंत्र कधी मिळणार, हे पाहण्यासाठी तो थेट ॲल्बुकर्कीला जाऊन आला होता. संच हाती पडल्यावर जोडणीला त्याला सुमारे ३० तास लागले. यंत्र चालेना. आणखी ६ तास शोध घेतल्यावर दोष सापडला : एका सर्किट बोर्डावर बारीकसा ओरखडा होता आणि त्यामुळे स्मृतीचा काही भाग शॉर्ट होत होता. डॉम्पिअरच्या जोडणीत खोट नव्हती. दोष भागासोबतच घरी आला होता. पण ते कळायला आधी स्वतःचे सगळे काम पुन्हा तपासावे लागले.

१०/२५
याच यंत्राने पुढे अनपेक्षित रीतीने तोंड उघडले. आकड्यांचा क्रम लावणारा एक प्रोग्रॅम चालू असताना डॉम्पिअरच्या शेजारच्या रेडिओतून चित्रविचित्र आवाज येऊ लागले. सर्किटमधून निसटणाऱ्या विद्युतलहरी रेडिओ पकडत होता. कोणत्या आवर्तनाने कोणता स्वर उमटतो, हे त्याने हुडकून काढले. एप्रिल १९७५ मध्ये संगणकप्रेमींच्या एका बैठकीत तो खटक्यांनी प्रोग्रॅम भरत बसला, तोच वायरीला कोणाचा तरी पाय अडकला आणि सारी स्मृती पुसली गेली. त्याने सगळे पुन्हा भरले. मग रेडिओतून बीटल्सची एक धून ऐकू आली आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला.

११/२५
ती बैठक ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची होती. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसएक माणसे जमली आणि हा क्लब सुरू झाला. दोषशोधाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. एखादा बोर्ड बिघडलेला आहे का, हे ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तो काढून त्या जागी चालता बोर्ड लावून पाहणे. एकट्या माणसाकडे दुसरा चालता बोर्ड कोठून असणार? तो मित्राकडे असतो. घरगुती संगणक एकट्याने जोडता येई. दुरुस्तीसाठी मात्र मंडळी लागत.

१२/२५
या मंडळींमुळेच आणखी एक गोष्ट उघडकीस आली. एमआयटीएसचा ४ हजार बाइटचा स्मृतीबोर्ड अनेकांकडे नीट चालत नव्हता. त्यात ‘डायनॅमिक’ प्रकारची स्मृती होती. तिला दर काही सहस्रांश सेकंदाला उजाळा द्यावा लागतो, आणि त्या कामातच गडबड होई. एकटा ग्राहक स्वतःच्या सोल्डरिंगला दोष देत बसला असता. पण दहा जणांचा अनुभव एकच निघाला, की संशयाची दिशा बदलते. होमब्रूमधील बॉब मार्श याने गॅरी इन्ग्राम याच्यासह ‘प्रोसेसर टेक्नॉलॉजी’ ही कंपनी काढून ‘स्टॅटिक’ स्मृतीचे बोर्ड विकायला सुरुवात केली. ते चालत, म्हणून खपले.

१३/२५
एका सदोष बोर्डाचे पडसाद किती दूर जाऊ शकतात, ते पुढे दिसले. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी लिहिलेली ‘बेसिक’ ही प्रणाली कंपनीच्या स्मृतीबोर्डासोबत घेतली तर स्वस्त पडे, नुसती घ्यायची तर ५०० डॉलर मोजावे लागत. लोकांना बेसिक हवी होती, तो बोर्ड नको होता. त्यांनी चांगला बोर्ड दुसरीकडून घेतला आणि बेसिकच्या प्रती एकमेकांना वाटल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना लिहिलेले संतप्त जाहीर पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्रामागील कारणांमध्ये हा न चालणारा बोर्डही होता.

१४/२५
दोष बहुतेक वेळा कोठे असतो? याचे उत्तर मिशिगनमधील हीथकिट या कंपनीकडे होते. रेडिओपासून दूरचित्रवाणी संचापर्यंत अनेक वस्तूंचे सुटे संच ती दीर्घकाळ विकत होती. १९७७ मध्ये तिने ‘एच ८’ हा संगणकही संचरूपात आणला. तिच्या पुस्तिकांत प्रत्येक कृतीपुढे खूण करण्यासाठी रिकामी जागा असे आणि शेवटी दोषशोधाचे तक्ते असत. दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या संचांपैकी सुमारे ९० टक्के कच्च्या सांध्यांमुळे आणि सदोष सोल्डरिंगमुळे बंद असतात, असे त्या पुस्तिका स्पष्ट सांगत. आपल्याकडील टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणत, तोच हा दोष.

१५/२५
परंतु काही दोष सर्वोत्तम कारागिराच्याही हाताबाहेरचे होते. स्मृतीतील एखादा आकडा अधूनमधून आपोआप बदले, आणि तपासायला गेले तर चिप ठणठणीत असे. १९७८ साली इंटेलमधील टिमथी मे आणि मरे वूड्स यांनी याचा उलगडा केला. चिपच्या वेष्टनातील सिरॅमिकमध्ये युरेनियम-थोरियमचे अत्यल्प अंश होते. त्यांतून निघणारे अल्फा कण स्मृतीच्या सूक्ष्म कप्प्यातील विद्युतभार बिघडवत. म्हणजे चिपचे आवरणच चिपला दगा देत होते. ‘अधूनमधून होणारा दोष’ हा दोषशोधकाचा सर्वांत चिवट शत्रू का, ते यावरून कळते.

१६/२५
ब्रिटनमध्ये हीच कथा स्वस्तात घडली. मार्च १९८१ मध्ये आलेला सिंक्लेअरचा ‘झेडएक्स ८१’ तयार घेतला तर ६९.९५ पौंडांना आणि सुटा संच ४९.९५ पौंडांना मिळे. मुख्य चिप अवघ्या चार. त्यामुळे सोल्डरिंग सोपे. पण मागच्या बाजूला लावायची १६ हजार बाइटची जादा स्मृती किंचित हलली, तरी संगणक गोठून जाई आणि तासाभराचे टंकलेखन पाण्यात जाई. मुलांनी त्यावर चिकटमातीसारखा ब्ल्यू-टॅक लावून ती जागच्या जागी धरून ठेवण्याचा उपाय काढला. ब्रिटनमधील एक अख्खी पिढी ‘जोडणी ढिली आहे का?’ हा प्रश्न येथे शिकली.

१७/२५
ढिल्या जोडणीचे याहून विलक्षण उदाहरण ‘ॲपल ३’ या १९८० सालच्या तयार संगणकाचे. त्यात पंखा नव्हता. यंत्र तापले की धातू प्रसरण पावत, थंड झाले की आकुंचन पावत, आणि या रोजच्या हालचालीने चिप आपल्या सॉकेटमधून हळूहळू वर सरकत. ग्राहकांना दिलेला उपाय असा, की यंत्र काही इंच उचलावे आणि सोडून द्यावे. त्या धक्क्याने चिप परत जागेवर बसतात! हसू येण्यासारखी ही गोष्ट असली, तरी ‘भाग काढून पुन्हा घट्ट बसवून पाहा’ या आजच्या पहिल्या सल्ल्यामागील कारण तेच आहे.

१८/२५
इथवर प्रश्न माणूस विचारत होता. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आलेल्या आयबीएम पीसीने ही पद्धत पालटली. वीज मिळताच हे यंत्र ठरलेल्या क्रमाने स्वतःचीच परीक्षा घेई : आधी प्रोसेसर, मग कायम स्मृतीतील मजकूर, मग घड्याळाची चिप, मग मुख्य स्मृतीचा पहिला भाग. हीच ‘पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट’. पडद्यावर २०१ आला तर रॅममध्ये दोष, ३०१ आला तर कळफलकात, ६०१ आला तर फ्लॉपी ड्राइव्हमध्ये. या चाचणीचा संपूर्ण प्रोग्रॅम आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापलाही होता. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातील यादी आता यंत्राच्या आत लिहिली गेली.

१९/२५
पण पडद्याचे कार्डच बिघडले असेल, तर आकडा दाखवायचा कोठे? त्यासाठी एक छोटा स्पीकर होता. एक आखूड ‘बीप’ म्हणजे सर्व क्षेम. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याच्या जोडणीत दोष. १९८४ च्या पीसी-एटी या यंत्राने आणखी एक सोय केली : प्रत्येक चाचणीपूर्वी तिचा सांकेतिक क्रमांक एका ठरावीक ठिकाणी पाठवायचा. तेथे दोन अंकी दिवे असलेले कार्ड लावले, की संगणक नेमक्या कोणत्या पायरीवर अडला ते दिसे. नोंदवहीतील ‘पॅनेल एफ, रिले ७०’ ही नोंद आता यंत्र स्वतःच करू लागले.

२०/२५
आयबीएमच्या धर्तीवर इतर कंपन्यांनी सुसंगत यंत्रे आणि भाग बनवले, आणि संगणक जोडणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंग आयर्नची जागा स्क्रू-ड्रायव्हरने घेतली. चुकाही बदलल्या. जुन्या एटी पद्धतीत वीजपुरवठ्याचे दोन जोड शेजारी-शेजारी लावावे लागत. ते उलटसुलट बसले तर मदरबोर्ड जळे. दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी एकत्र आल्या पाहिजेत, हा मंत्र प्रत्येक कारागीर पाठ करी. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स रचनेत एकच जोड आला, आणि तो उलटा बसणारच नाही अशी त्याची घडण होती. अनेकांची एकच चूक ओळखून रचनाकारांनी तिचा मार्गच बंद केला.

२१/२५
हे पर्व महाराष्ट्रातही रंगले. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात काहीशी सुलभ झाली, १९९१ नंतर ती अधिक खुली झाली, आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, तसेच पुण्याची बुधवार पेठ येथे सुट्या भागांच्या दुकानांची दाटी झाली. नामांकित कंपनीच्या तयार संगणकापेक्षा ‘असेंबल्ड’ संगणक पुष्कळ स्वस्त पडे. मध्यमवर्गीय घरांतील पहिला संगणक कितीदा तरी असाच आला. त्याबरोबर मराठी बोलीत एक नवे वाक्यही रुजले : ‘चालू होतो, पण डिस्प्ले येत नाही.’

२२/२५
त्यावर दुकानातील पोऱ्या जे करी, ते पाहण्यासारखे असे. तो रॅम काढी, तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने पुसी आणि ती पुन्हा ‘खट्’ आवाज होईपर्यंत बसवी. दमट हवेत पट्ट्यांवर साचलेला थर निघाला, की बरीच यंत्रे जागी होत. तरीही जमले नाही, तर हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, जादा कार्डे सगळी काढून केवळ मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच ठेवायचे. एवढे चालले, की एकेक भाग परत लावत जायचा. ज्या भागाने यंत्र पुन्हा मुके होईल, तो अपराधी. मिलर यांचे नाव त्याने ऐकलेले नसे, पण सर्व संशयितांना एकदम न तपासता वेगळे करत जाण्याचा विचार तोच होता.

२३/२५
नव्या शतकाने दोन धोके आणले. पहिला उष्णतेचा. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत चालत्या प्रोसेसरवरील उष्णताशोषक काढून घेतला गेला. पेंटियम ४ ने वेग कमी करून स्वतःला वाचवले. त्या वेळचे ॲथलॉन प्रोसेसर धूर सोडून जळाले. दुसरा धोका संथ होता. त्याच सुमारास बाजारात आलेल्या असंख्य मदरबोर्डांवरील धारित्रांमधील द्रव सदोष होता; वर्षा-दोन वर्षांत त्यांची डोकी फुगत, द्रव पाझरे आणि संगणक कारणाशिवाय बंद पडे. अशा वेळी मल्टीमीटरच्या आधी डोळे कामी आले. बोर्डाकडे नीट पाहणे, हीच पहिली तपासणी.

२४/२५
आजच्या अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, पडदा आणि बूट अशा नावांचे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहील तेथे अडचण. तरीही नवख्याला फसवणारी दोन मौने उरली आहेत. डीडीआर ५ प्रकारची रॅम प्रथम लावली, की संगणक तिच्याशी जुळवून घेण्यात कधीकधी काही मिनिटे घालवतो. घाबरून मध्येच वीज तोडली तर सारे पहिल्यापासून. दुसरे मौन विसंगतीचे. २०१८ मध्ये एएमडीचे नवे प्रोसेसर जुन्या बायोसच्या मदरबोर्डांवर सुरूच होत नव्हते. बायोस अद्ययावत करावा तर आधी संगणक सुरू व्हायला हवा! या पेचातून सुटण्यासाठी कंपनीने ग्राहकांना काही काळापुरता जुना प्रोसेसर उसना पाठवला. होमब्रूच्या बैठकीत मित्राने चालता बोर्ड द्यावा, तसेच हे.

२५/२५
आता पुन्हा त्या काळ्या पडद्यासमोर येऊ. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर मदरबोर्डाच्या कोपऱ्यात लावायची राहिली आहे का? पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लागली आहे का? कॅबिनेटमधील एखादा उभा स्क्रू बोर्डाखाली भलत्या जागी राहून शॉर्ट तर करत नाही ना? वीज बंद करून सारे सुटे करावे, किमान भागांवर सुरुवात करावी, एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल कागदावर लिहावा. मध्यरात्र उलटून गेलेली असते, रॅमची एक पट्टी टेबलावर काढून ठेवलेली असते, आणि मग त्या पेटीतून एकच आखूड ‘बीप’ येते. अल्टेअरसमोर ३६ तास बसलेल्या माणसाला तिचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसता.

#थ्रेड समाप्त